तीन पानांचं झाड

३ मार्च

मिझुएताई,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल काहीतरी लिहायचं असतं, एवढं शाळेतलं लक्षात राहिलंय. थंडी आहे. झालं.

मी घरी पोचलो. किल्ली वरच्या घरातल्या इसोए मावशीकडेच होती आणि किल्लीला तुझी चिठ्ठी बांधलेली होती. तिने दार पूर्ण उघडलंही नाही. फटीतून बघून म्हणाली, "आलास होय तेप्पेई. बापाला पोचवायला यायचं होतं ते तीन वर्षं उशिरा आलास." मी म्हटलं, निरोप उशिरा मिळाला होता मावशी. ती म्हणाली, "बरं," आणि किल्ली दिली. तिचं 'बरं' तुला माहीत आहे.

तुलाही तेच सांगायचं होतं, निरोप उशिरा मिळाला. आओमोरीत सफरचंदाच्या मळ्यावर होतो तेव्हा. असो.

चिठ्ठी चार ओळींची, ती मी बऱ्याच वेळा वाचली. न्हाणीमागचं युझूचं झाड सांभाळ. आई रोज त्याचं विचारते. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी तिला आपल्या न्हाणीत, आपल्या झाडाची फळं घालून आंघोळ करायचीय. झाड धड असेल तरच तिला नागोयाहून आणेन, उघडी जागा तिला दाखवणार नाही. खाली सही नाही, वर माझं नावही नाही. एक मिनिट वाटलं, दुसऱ्याच कुणाला लिहिलीय की काय. पण दुसरं आहे कोण?

झाड बघितलं. ताई, ते धड नाही. पानं काजळी धरल्यासारखी काळी पडलीयेत, अर्धी तर गळूनच गेलीयेत, आणि फांद्यांवर खवल्यांसारखे किडे चिकटलेत. कोपऱ्यात दोन जुनी फळं आहेत, सुकून अक्रोडाएवढी झालेली. लहानपणी न्हाणीच्या खिडकीतून ओला हात बाहेर काढून आपण ते लिंबासारखं पिवळं फळ तोडायचो, ती फांदी तर पार वाळलीय. तू जन्मलीस त्या वर्षी बाबांनी हे लावलं, म्हणजे तेहतीस वर्षं झाली. माणूस तेहतीसचा झाला की असा दिसतो का? तुला बघून सहा वर्षं झाली, मला काय माहीत.

बॅग दारामागच्या खिळ्याला लावलीय, उघडलेली नाही. हिवाळ्यापर्यंतच आहे मी, मग होक्काइदोला माशांच्या कारखान्यात एक ओळखीचा बोलावतोय. पण तोवर झाड माझ्यावर सोपव. सफरचंदांत तीन हंगाम काढलेत मी.

तेप्पेई


२९ एप्रिल

ताई,

चांगली बातमी आहे.

पण आधी मासेवाल्याचं सांगतो. मंगळवारी त्याची गाडी येते, तीच जुनी धून वाजवत, आणि सगळ्या दरीत मिळून गिऱ्हाइकं किती, तर सात. त्याने मला ओळखलं नाही. मी सांगितलं, कारखान्याच्या लॉऱ्या चालवायचे त्या तानिवाकींचा मुलगा. तो म्हणाला, "त्यांना मुलगी होती ना?" मी दोन बांगडे घेतले आणि पैसे दिले.

हां, झाड. मार्चभर मी रोज त्याला पाणी घालत होतो, पानं ओल्या फडक्याने पुसत होतो, एकेक. (हसू नकोस.) वर काही फरक पडेना. पण गेल्या आठवड्यात काय बघतो, बुंध्याच्या तळाशी, अगदी मातीजवळून, कोंब फुटलेत. एक नाही, सात-आठ. हिरवेगार, पेन्सिलीएवढे जाड. दिवसाला बोटभर वाढतात.

आओमोरीत म्हातारे बागवान छाटणी करायचे तेव्हा मी खाली फांद्या गोळा करत असायचो. तेव्हा ऐकलंय, जुनं अडून बसलं तर नव्याला जागा कुठून मिळणार. मला ते पटायचंच. म्हणून मी बाबांची करवत शोधली, गंज काढला, आणि वरचं सगळं आजारी झाड काढून टाकलं. गुडघ्याएवढा खुंटारा ठेवलाय, तोही करवत अडकली म्हणून. काट्यांनी हात सोलून निघालेत. आता सगळा जोर खालच्या कोंबांना.

कापलेलं लाकूड न्हाणीच्या चुलीत घातलं. धूर आत येत होता आणि त्याचा वास अगदी हिवाळ्यातल्या त्या लहान दिवसाच्या आंघोळीसारखा होता. मी पाणी गार होईपर्यंत बसून राहिलो. का कुणास ठाऊक, फार बरं वाटलं आणि फार वाईटही.

मावशीला दाखवायला बोलावलं होतं, पण न्हाणीमागच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना जमत नाहीत. "तुला कळतंय ना काय करतोयस ते?" एवढंच वरून ओरडून विचारलं. मी हो म्हटलं.

तेप्पेई


११ जून

ताई,

तू पत्रं उघडतेस की नाही मला कळायला मार्ग नाही. तुला फोन लावून बघितला होता मावशीकडून, तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. म्हणजे निदान आवाज ओळखलास.

म्हणून या वेळी पुरावाच पाठवतोय. सोबत एक पान आहे. बघ किती हिरवं आहे, काजळीचा ठिपका नाही. एका देठावर तीन-तीन पानं येतात, म्हणजे झाड किती जोरात आहे बघ. कोंब माझ्या छातीला लागलेत. खताला मी मासेवाल्याकडून डोकी आणि काटे घेतो, तो फुकट देतो, म्हणतो तू आहेस कोण ते मला आठवत नाही पण ने.

माकडं येतात. शेजारच्या मळ्यातला मुळा उपटून खातात. आपल्या झाडाला हात लावत नाहीत, काटे फार. पूर्वीपेक्षा जास्तच काटे वाटतात, हिरवे, बोटाएवढे. मला ते आवडलं, स्वतःला सांभाळणारं झाड आहे म्हणायचं.

फळ या वर्षी धरेल असं वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण झाड धड आहे. चिठ्ठीत तू 'धड' एवढंच लिहिलंयस. आईला सांग.

एक विचारू? आई माझं विचारते का? झाडाचं रोज विचारते म्हणालीस म्हणून विचारलं.

तेप्पेई


२ ऑगस्ट

ताई,

तुझं पाकीट मिळालं.

पोस्टमन वर चढून आला तेव्हा मी हात धुऊन मग घेतलं. पत्र आहे म्हणून आधी बसलो. उघडलं तर आत दोन पानं. कागदाची नव्हेत, झाडाची. एक मी पाठवलेलं, तीन पानांचं, वाळून तपकिरी झालेलं. दुसरं जुनं, कुठल्या तरी वहीत दाबून ठेवलेलं असावं, त्याच्यावर निळ्या शाईची रेघ उमटलीय. बाकी काही नाही. पाकीट उलटं करून झटकलं, फाडून आतून वाचलं.

दहा दिवस झाले, मला अर्थ लागत नाहीये. आधी वाटलं, परत केलंस, म्हणजे तुझं काही नको. पण मग दुसरं कशाला? मग वाटलं, आठवण म्हणून पाठवलंस, लहानपणीचं. तर मग माझं का परत केलंस? मग वाटलं, आईने घातलं असेल, आता तिला काय कशात घालावं ते कळत नाही असं मावशी म्हणते. मग मला तुझा राग आला. दोन शब्द लिहायला काय झालं होतं? मी पानंच्या पानं लिहितोय. मग आठवलं की बाबा गेल्यावर तू मला तीन पत्रं लिहिली होतीस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा राग बंद केला.

दोन्ही पानं बाबांच्या फोटोपुढे ठेवलीयेत. त्यांना काही समजलं तर बघू.

तेप्पेई


१७ ऑगस्ट

ताई,

समजलं.

पितरांच्या दिवसांत मी दारात आग पेटवली, बाबांना वाट दिसावी म्हणून. आधी कधी केलेलं नव्हतं, काड्या ओल्या होत्या, नुसता धूर. इसोए मावशी उदबत्ती लावायला आली. फोटोपुढे बसली, घंटी वाजवली, हात जोडले, आणि एक डोळा उघडून म्हणाली, "हे काय ठेवलंयस इथे?"

"ताईने पाठवलंय. अर्थ लागत नाही."

"अर्थ कसला लावतोस." तिने चष्मा लावला. जुनं पान उचललं, देठाकडे बोट दाखवलं. "हे बघ, पानाखाली आणखी एक छोटं पान जोडल्यासारखं. भोपळ्याची कंबर असते तसं. हे युझू. आणि हे तीन पानांचं, हे नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. काराताची आहे ते. कुंपणाला लावतात, काटेरी. तुझ्या बापाने काराताचीच्या रोपावर युझूचं कलम बांधलं होतं, सगळेच बांधतात. खालचा खुंट परका, वर आपलं झाड. खालून फुटेल ते रोज मोडून टाकायचं असतं. तुला वरचं दिसलं नाही का?"

मी म्हटलं, "वरचं मी कापलं."

तिने पान खाली ठेवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, तर हसत होती, तोंडावर हात ठेवून, बाबांच्या फोटोपुढे. "म्हणजे चार महिने तू कुंपणाला मासे खाऊ घालतोयस."

"हिरवं होतं म्हणून मला वाटलं..."

"गवतही हिरवंच असतं रे." मग डोळे पुसून म्हणाली, "पीच-चेस्टनटला फळायला तीन वर्षं, पर्सिमनला आठ, महामूर्ख युझूला अठरा, असं म्हणतात. मी जन्मभर समजत होते महामूर्ख म्हणजे झाड."

मग ती बसत, सरकत, माझ्या खांद्याला धरत, न्हाणीमागे उतरली. खुंटाऱ्याला हात लावला. घोट्याएवढ्या उंचीवर एक गाठ आहे, तिथे खालची साल आणि वरची साल वेगळी. मी त्या गाठीवर गुडघ्याएवढं ठेवलंय, करवत अडकली म्हणून. "हे वरचं अजून युझू आहे," मावशी म्हणाली. नखाने खरवडलं, आत हिरवट होतं. "मेलेलं नाही. पण खालचे हे सगळा रस पिऊन बसलेत. ते काढलेस तर फुटेल. कदाचित. नाही तर दोन्ही जातील."

म्हणजे तू जूनमध्येच ओळखलं होतंस. पान बघितल्याबरोबर. आणि पत्रं उघडत होतीस.

आता मी काय करू ते मला कळत नाही. ठेवलं तर हिरवं, पुरुषभर उंच झाड आहे, पानं जातील थंडीत पण झाड आहे. मावशी म्हणते आईची नजर फार अधू झालीय, तिला खिडकीतून फक्त काहीतरी उभं दिसेल. कापलं तर उघडी जागा, आणि उघडी जागा तू तिला दाखवणार नाहीस. तू सांग. एका ओळीत सांग. झाडाचंच पान पाठवलंस तरी चालेल.

तेप्पेई


९ सप्टेंबर

ताई,

तू काही पाठवलं नाहीस. तीन आठवडे वाट बघितली.

काल कापलं. सगळे. बारा होते. करवत लागली नाही, विळ्यानेच. एकेक कापताना वाटत होतं, हा राहू दे, हा एक निदान. मी वाढवलेत ना ते. मासेवाला गाडी थांबवून बघत होता, म्हणाला, "एवढं छान झाड, का कापताय?" मी म्हटलं, हे आमचं नाही. म्हणाला, "मग कुणाचं?" मी पुढचा कोंब धरला.

आता तिथे गुडघ्याएवढा एक खुंट आहे. दुसरं काही नाही. न्हाणीच्या खिडकीतून सरळ समोरचा डोंगर दिसतो.

आणि कापलंच आहे तर हेही. निरोप उशिरा मिळाला नव्हता. तुझा फोन आला त्याच संध्याकाळी मळ्याच्या मालकिणीने सांगितलं. तिने मला अंत्यविधीला घालायचा काळा कोट दिला तिच्या नवऱ्याचा, स्टेशनवर सोडलं. मी ओकायामापर्यंत आलो, ताई. गाडी बदलायची होती तिथे. आठ मिनिटं होती. फलाटावर उभं राहून खायचं नूडल्सचं दुकान आहे, तिथे मी एक वाटी घेतली आणि ती संपवता येईना. गाडी समोरून गेली. मग मी बसून राहिलो आणि उलट बाजूची पहिली जी आली ती धरली. कोट मी टपालाने परत पाठवला.

का, ते विचारू नकोस. मला खरंच माहीत नाही. बाबांशी भांडण असतं तर सांगितलं असतं. भांडण नव्हतं. ते फक्त म्हणायचे, एका जागी बस. बहुतेक मला वाटलं, मी आलो की सगळे म्हणतील, आता आला. किंवा असं काही वाटलंच नाही, मी आत्ता बनवतोय. माहीत नाही.

बॅग अजून खिळ्यालाच आहे. रोज बघतो तिच्याकडे.

तेप्पेई


२४ ऑक्टोबर

ताई,

मावशी म्हणते अजून लिहू नकोस, दृष्ट लागेल. पण लिहितो.

पंधरा दिवसांपूर्वी सकाळी खालून निघणारे काराताचीचे कोंब मोडायला गेलो (रोज निघतात, निर्लज्ज आहेत) आणि खुंटाऱ्यावर, गाठीच्या वर, साल फाटून एक हिरवा ठिपका दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. मी हात लावला नाही. वर जाऊन मावशीला घेऊन आलो, पाठीवर, कारण चालत यायला तिला अर्धा तास लागला असता. ती सगळ्या वाटेत बोलत होती, "पाडशील मला. तुझ्या बापाने पाडलं होतं एकदा, लग्नाच्या वरातीत."

तिने चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. "गाठीच्या वर आहे," म्हणाली. "पण थांब, पान उघडू दे. मग कळेल काय ते."

चौदा दिवस थांबलो. मासेवाल्याकडे गेलो नाही, मंगळवारी तो खालून धून वाजवत राहिला. काल पान उघडलं. नखाएवढं आहे. त्याला कंबर आहे, ताई. खाली छोटं पान, वर मोठं. तुझं जुनं पान शेजारी धरून बघितलं.

पाठवत नाही. एकच आहे.

पण आता ते उशिरा आलंय, थंडीच्या तोंडावर. मावशी म्हणते असं कोवळं एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवरात काळं पडतं. म्हणजे मी आता त्याचं काय करू? इतके दिवस फुटेना म्हणून घाबरत होतो, आता फुटलंय म्हणून घाबरतोय.

तेप्पेई


१९ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. 'एकवीसला दुपारी आम्ही येतो. आई विचारते, न्हाणीची खिडकी अजून अडकते का.' अक्षर तुझं आहे, तसंच, 'अ'ची शेपटी लांब.

मी कार्ड मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खिडकी तासून घे लवकर. बघत काय उभा राहिलायस." घेतली. आता एका बोटाने सरकते. बाहेर झाड नाही हे तुला माहीत आहे, तरी येताय. मी ते पुन्हा पुन्हा वाचतोय, कारण मला नीट कळत नाहीये, चिठ्ठीत तू उलट लिहिलं होतंस.

फळं मावशीच्या झाडाची आहेत, पंधरा. आईने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, मावशीचीच म्हणून सांगेन. आणि आपलं? तर आपलं खिडकीखाली आहे, पाच पानं, हाताच्या बोटाएवढं. आईचा हात खिडकीतून तिथवर पोचणार नाही. मी मोजून बघितलं, माझाही पोचत नाही. मी बाहेर उभा राहून तिचा हात धरून खाली नेईन, तिला चालणार असेल तर. पान ओळखेल ती, बघायला कशाला लागतंय.

गेल्या आठवड्यात तीन रात्री दहिवर पडलं. गवताचं आवरण केलं होतं, माकडांनी उपटलं. घरात जाड असं काही सापडेना, म्हणून खिळ्यावरची बॅग काढली, रिकामी केली आणि पालथी घातली त्याच्यावर. अगदी मापाची बसली. सकाळी ऊन आल्यावर काढतो, संध्याकाळी घालतो. कपडे तुझ्या जुन्या कपाटात ठेवलेत, खालच्या खणात, वरचे दोन तुम्हाला मोकळे आहेत. होक्काइदोच्या माणसाला लिहिलंय की या हिवाळ्यात जमत नाही. पुढच्या हिवाळ्याचं त्याने विचारलं. मी लिहिलं, दहिवर किती पडतं त्याच्यावर आहे. त्याला काही कळलं नसेल.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून आज मासेवाल्याबरोबर खालच्या पोस्टात पाठवतोय. त्याला आता माझं नाव येतं.

ओकायामाला गाडी बदलायला आठच मिनिटं मिळतात आणि आई हळू चालते. धावपळ करू नका. नूडल्सचं दुकान जिन्याजवळ आहे, तिला भूक लागली असेल तर बाकावर बसवून खायला घाल. गाडी चुकली तर तासाभराने पुढची असते. मी वेळापत्रक बघितलंय. तेव्हा बघितलं नव्हतं.

पुढच्या गाडीने आलात तरी मी बसथांब्यावरच असेन.

तेप्पेई